अ‍ॅप डेव्हलपमेंटसाठी लॅपटॉप कोणता घेऊ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोज कोणी ना कोणी स्क्रीनशॉट टाकून विचारतं "हा घेऊ का", आणि मी तेच तेच टाइप करून कंटाळले, म्हणून एका रविवारी बसून सगळं इथे लिहून काढलंय. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत, एकासारखे दोन होते ते एकत्र केलेत. निम्म्या मंडळींनी "सर" म्हणून सुरुवात केली होती, ते मी "ताई" केलंय, तेवढा हक्क माझा.

१. ताई, साधं अ‍ॅप तर बनवायचंय, त्याला एवढा भारी लॅपटॉप कशाला लागतो?

अ‍ॅप साधं असतं, ते बनवायचं सामान साधं नसतं. अँड्रॉइडचं काम करताना एकाच वेळी काय काय चालू असतं बघा: अँड्रॉइड स्टुडिओ (कोड लिहायचा गूगलचा प्रोग्राम, हा जेटब्रेन्स कंपनीच्या इंटेलिजे नावाच्या प्रोग्रामवर बांधलेला आहे आणि मेमरी मागायला अजिबात लाजत नाही), मग ग्रेडल, म्हणजे तुमचा कोड गोळा करून त्याचं अ‍ॅप बांधणारा, तो मागे वेगळा चालत बसतो, त्याच्या शेजारी कोटलिनचा, म्हणजे अँड्रॉइडच्या कोडच्या भाषेचा कंपायलर (लिहिलेलं मशिनला कळेल असं करणारा), आणि मग एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपच्या पोटात अख्खा दुसरा फोन, त्याला स्वतःची २ जीबी तरी रॅम हवीच. वर क्रोमचे तीस टॅब, कारण उत्तर शोधल्याशिवाय कोडिंग होत नाही. हे सगळं विंडोजने स्वतःचे ३-४ जीबी उचलल्यावर जे उरतं त्यात बसवायचं असतं.

म्हणून पैसे घालायचा माझा क्रम ठरलेला आहे: आधी रॅम, मग एसएसडी, मग प्रोसेसर, मग स्क्रीन. ग्राफिक्स कार्ड यादीतच नाही (प्रश्न ६).

२. ८ जीबी रॅममध्ये भागेल का? खरं सांगा.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि खरं उत्तर कुणालाच आवडत नाही. गूगलच्या स्वतःच्या सिस्टीम रिक्वायरमेंटमध्ये नुसत्या स्टुडिओसाठी कमीत कमी ८ जीबी लिहिलंय, एम्युलेटर धरून कमीत कमी १६, आणि शिफारस ३२ ची आहे. कमीत कमी म्हणजे "चालू होईल" एवढंच, "काम करता येईल" असं नाही. ८ मध्ये स्टुडिओ उघडतो, छोटा प्रोजेक्ट बिल्डही होतो (म्हणजे कोडचं अ‍ॅप बांधून होतं), पण एम्युलेटर लावलात की विंडोज रॅममधलं सामान एसएसडीवर टाकायला लागतं आणि मग माउस सुद्धा अडखळत चालतो.

आधीच ८ वाला असेल तर फेकू नका, फोन जोडून काम चालतं (प्रश्न १३). पण नवीन घेताना ८ वाला आणि पुढे वाढवताही न येणारा घेणं म्हणजे पहिल्या दिवसापासून भाड्याच्या खोलीत राहणं.

३. मग १६ पुरेल की ३२ च घेऊ?

शिकायला, कॉलेज प्रोजेक्टला, एकट्याने फ्रीलान्स करायला १६ पुरते. मोठ्या कंपनीचा शेकडो मोड्यूलचा प्रोजेक्ट, किंवा एकाच वेळी अँड्रॉइड, बॅकएंड (अ‍ॅपची सर्व्हरवरची बाजू), डॉकर (तो सर्व्हर लॅपटॉपवर चालवायचं टूल) असं सगळं उघडून बसणार असाल तर ३२. मी १६ वर चार वर्षं पोट भरलंय.

४. दुकानदार म्हणतो आत्ता ८ घ्या नंतर वाढवून देतो. विश्वास ठेवू का?

दुकानदारावर नको, मशिनवर ठेवा. मी माझा पहिला लॅपटॉप असाच घेतला होता, बारीक, सुंदर, एका हातात उचलता यायचा, आणि दुकानात अगदी याच शब्दांत सांगितलं होतं. आठ महिन्यांनी उघडला तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, स्लॉटच नाही. ज्याने विकला तोच म्हणाला "मॅडम यात होत नाही." शिकलेल्या माणसाने फसायचं ते असं.

तीन प्रकार असतात. एक, रॅमचे दोन स्लॉट: सगळ्यात उत्तम, ८ ची पट्टी काढून १६ टाका नाहीतर जोडीला दुसरी टाका. दोन, अर्धी सोल्डर आणि एक स्लॉट: चालतं. तीन, पूर्ण सोल्डर: जेवढी घेतली तेवढीच मरेपर्यंत. स्पेसिफिकेशनमध्ये एलपीडीडीआर४एक्स किंवा एलपीडीडीआर५ असं "एलपी" ने सुरू होणारं नाव दिसलं की तो जवळपास नेहमी तिसरा प्रकार असतो. सगळ्या मॅकबुकमध्ये तिसराच.

दुकानात डेमो पीस चालू असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, खाली "स्लॉट्स यूज्ड" दिसतं, १ ऑफ २ असेल तर एक मोकळा आहे. त्याच्याच जवळ फॉर्म फॅक्टरपुढे "रो ऑफ चिप्स" लिहिलेलं असेल तर सोल्डर समजा. एक मिनिटाचं काम आहे, लाजू नका.

आणि "नंतर स्वस्तात टाकू" हे गणितही सध्या फिरलंय, २०२५ संपता संपता रॅमचे भाव जे चढले (एआयच्या डेटा सेंटरांनी सगळा माल ओढला) त्यानंतर सुटी पट्टी घेणं पूर्वीसारखं किरकोळ राहिलेलं नाही. दोन्हीचा हिशोब करून मग ठरवा.

५. आय५ घेऊ की रायझन ५? आणि ते पुढचे आकडे काय असतात?

आय५ की रायझन हा भांडणाचा विषय आहे, कामाचा नाही, दोन्ही चालतात. घोडं अडतं ते पुढच्या आकड्यांत आणि शेवटच्या अक्षरात, आणि तिथेच लोक फसतात.

इंटेलमध्ये शेवटी यू असेल तर कमी वीज खाणारा, एच असेल तर जास्त वीज खाऊन जास्त काम करणारा. आय५-१२३५यू मध्ये १० कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे हात) आहेत आणि आय५-१२४५०एच मध्ये ८, म्हणून दुकानात पहिला "जास्त कोअरवाला" म्हणून विकला जातो. पण त्या १० मध्ये दमदार कोअर फक्त २, बाकी ८ छोटे. १२४५०एच मध्ये ४ दमदार आणि ४ छोटे, आणि त्याला वीजही जास्त मिळते, त्यामुळे मोठा बिल्ड तो लवकर उरकतो. बदल्यात बॅटरी लवकर उतरते आणि पंखा ओरडतो. आय३-एन३०५ सारख्या नावाच्या जाळ्यात पडू नका, त्यात आठही कोअर छोटेच आहेत. आणि नावातून "आय" गेलेला नुसता "कोअर ५ १२०यू" हा आतून १३व्या पिढीच्याच घराण्यातला आहे, नवीन नाव म्हणून जास्त पैसे देऊ नका.

एएमडीचं तर विचारूच नका. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, दोन्ही नावं जवळ जवळ ठेवलेली, किमतीतही थोडाच फरक, आणि आत जमीन-अस्मान. या ७००० च्या मालिकेत तिसरा आकडा बघायचा, तो आतलं डिझाइन सांगतो: २ म्हणजे झेन २, ते २०१९ चं, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. ७५२०यू मध्ये ४ जुने कोअर, वर रॅम सोल्डर. ७५३०यू मध्ये ६ कोअर. ७५३५एचएस, ७६४०एचएस हे एकाहून एक वरचे. रायझन एआय नावाच्या नव्या मालिकेला ही तिसऱ्या आकड्याची युक्ती लागू नाही.

आय७ हवाच का? नाही. ८ जीबीवाल्या आय७ पेक्षा १६ जीबीवाला आय५ घ्या, डोळे झाकून.

६. मुलगी बीसीएला आहे, तिला अ‍ॅप डेव्हलपमेंट शिकायचंय. दुकानदार म्हणतो कोडिंगला गेमिंग लॅपटॉपच लागतो. घ्यावा का?

काका, नका घेऊ. म्हणजे गेमिंगवाल्याचा प्रोसेसर आणि रॅम चांगली असते म्हणून काम पळतं हे खरं, पण ज्या ग्राफिक्स कार्डाचे तुम्ही जास्तीचे पैसे मोजणार ते कोड बिल्ड करताना रिकामंच बसून असतं. एम्युलेटर स्क्रीन रंगवायला ग्राफिक्स वापरतो, पण त्याला प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पुरतं. वर अडीच किलोचा लॅपटॉप, वीटेएवढा चार्जर, हे सगळं पाठीवर घेऊन ती रोज पीएमटीच्या बसमध्ये चढणार (हो, आता पीएमपीएमएल म्हणतात, मला माहितीये).

अपवाद दोनच. तिला युनिटी किंवा अनरिअलमध्ये गेम बनवायचे असतील तर, किंवा स्वतःच्या मशिनवर एआय मॉडेल ट्रेन करायची असतील तर. आणि तिला गेम खेळायचे असतील तर तो घरातला विषय आहे, त्यात मी पडत नाही.

७. एसएसडी २५६ घेतली तर?

दीड वर्षात "लो डिस्क स्पेस" दिसायला लागेल. स्टुडिओ आणि एम्युलेटरचं सामान धरून गूगल कमीत कमी १६ जीबी मोकळी जागा मागतं, पण ते पहिल्या दिवशीचं. नंतर ग्रेडलची साठवण फुगते, अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीची सिस्टीम इमेज (एम्युलेटरमधल्या फोनवर चालणारी अँड्रॉइडची प्रत) काही जीबीची, प्रत्येक प्रोजेक्टचा बिल्ड फोल्डर वेगळा, फ्लटर (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीचं अ‍ॅप करणारं साधन) घेतलंत तर ते अजून वेगळं. ५१२ घ्या. २५६ च मिळत असेल तर निदान दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडीची पट्टी बसवायची जागा) आहे का विचारा, आणि ती एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारची आहे ना ते बघा. काही एकदम स्वस्त मशिनमध्ये ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी असते, ती हळू साठवण, एसएसडी नव्हे, तिच्यावर स्टुडिओ टाकणं म्हणजे बैलगाडीला टर्बो लावणं.

ग्रेडलचा आणि एम्युलेटरचा साठा दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येतो. पण बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्कवर नका हलवू, हजारो बारक्या फायली वाचायच्या असतात, बिल्ड रांगत चालतो.

८. मॅक नसताना आयफोनचं अ‍ॅप बनवता येतं का? फ्लटरमध्ये तर एकाच कोडमध्ये दोन्ही होतं म्हणतात.

कोड एक असतो, बांधायचं मशिन एक नसतं. फ्लटर असो, त्याच धर्तीचं रिअ‍ॅक्ट नेटिव्ह असो, आयफोनचं अ‍ॅप शेवटी अ‍ॅपलच्या एक्सकोड या प्रोग्रामनेच बांधायचं असतं आणि एक्सकोड फक्त मॅकओएसवर चालतं. विंडोजवर बसून तुम्ही नव्वद टक्के काम अँड्रॉइडवर तपासत करू शकता, शेवटच्या दहा टक्क्यांना मॅक लागतो.

तो मॅक तुमचाच असायला हवा असं मात्र नाही. कोडमॅजिकसारख्या सेवा किंवा एक्स्पोचं (रिअ‍ॅक्ट नेटिव्हचं काम सोपं करणारं साधन) ईएएस बिल्ड त्यांच्याकडच्या मॅकवर तुमचं अ‍ॅप बांधून देतात, थोडा वापर फुकट असतो, नंतर पैसे. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह आणि एक्स्पो वापरत असाल तर विंडोजवरून खऱ्या आयफोनवर एक्स्पो गो हे अ‍ॅप टाकून तपासताही येतं. पण फक्त आयफोनवर येणारा एखादा बग पकडायचा असेल, तेव्हा क्लाउडवर दर वेळी बिल्ड टाकून वाट बघणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यातून वाचणं. आयफोनच्या कामाचं गिऱ्हाईक मिळालं की मग मॅक घ्या, आधी नको.

स्विफ्ट, म्हणजे अ‍ॅपलची कोडची भाषा, शिकून फक्त आयफोनचंच काम करायचं ठरवलंय? मग आधीच घ्या, पर्याय नाही. हॅकिंटॉश (साध्या लॅपटॉपवर जुगाडाने टाकलेलं मॅकओएस) आणि विंडोजवरच्या व्हर्च्युअल मशिनबद्दल (विंडोजच्या आत चालवलेलं दुसरं मशिन) प्रश्न १७ बघा.

९. मॅक घ्यायचाच तर कोणता? स्वस्तात स्वस्त सांगा.

एम सिरीजचा, म्हणजे अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम१ किंवा त्यापुढच्या प्रोसेसरचा, आणि शक्यतो १६ जीबी. अ‍ॅपलने ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या मॅकबुक एअरची किमान रॅमच १६ केली, त्याआधीच्या बेस मॉडेलमध्ये ८ असायची, त्यामुळे जुना स्टॉक "ऑफर"मध्ये दिसला की आधी रॅमचा आकडा वाचा.

८ जीबीचा एम१ एअर कोणी चांगल्या भावात देत असेल तर आयफोनचं काम शिकायला तो बरा आहे, कारण आयफोनचा सिम्युलेटर हा अँड्रॉइडच्या एम्युलेटरसारखा अख्खा फोन उभा करत नाही, अ‍ॅप थेट मॅकच्याच प्रोसेसरवर चालवतो, म्हणून हलका पडतो. पण त्याच ८ मध्ये एक्सकोड आणि अँड्रॉइड स्टुडिओ दोन्ही उघडलेत की प्रश्न २ मध्ये सांगितलेलं सगळं मॅकवरही होतं, फक्त जरा सभ्यपणे.

एसएसडी इथेही मोठीच बरी, एक्सकोड आणि सिम्युलेटर मिळून बघता बघता पन्नास जीबी खातात आणि मॅकबुकमध्ये नंतर वाढवायची सोय नाही.

सगळ्यात स्वस्त नवा मॅक हवा असेल तर लॅपटॉप सोडा आणि मॅक मिनी बघा. एम४ वाला २०२४ मध्ये आपल्याकडे ५९,९०० पासून आला, १६ जीबीसकट, आणि एम४ एअर २०२५ मध्ये ९९,९०० पासून. घरात मॉनिटर, कीबोर्ड, माउस पडलेला असेल तर चाळीस हजार वाचले. पण तो पाठीवर घेऊन गावाला जाता येत नाही आणि लाइट गेली की तोही गेला, यूपीएस लागेल.

१०. सेकंडहँडमध्ये इंटेलचा मॅकबुक २५ हजारात मिळतोय, घेऊ का? लोगो चमकतो त्याचा.

लोगो चमकतो तोच तर धोका. २०१७ चा मॅकबुक एअर बाजारात भरपूर फिरतो, त्यावर मॅकओएस मॉन्टेरीपर्यंतच जाता येतं आणि मॉन्टेरीवर एक्सकोड १४.२ च्या पुढे नाही. आता अ‍ॅप स्टोअरचा नियम ऐका: एप्रिल २०२५ पासून अ‍ॅप एक्सकोड १६ किंवा पुढच्यानेच बांधलेलं हवं, एप्रिल २०२६ पासून एक्सकोड २६. म्हणजे त्या मशिनवर तुम्ही शिकाल, अ‍ॅप बनवाल, आणि शेवटी स्टोअरच्या दारातून परत याल.

२०१९-२० चे इंटेल मॅकबुक थोडे पुढे जातात, पण अ‍ॅपलने सांगून टाकलंय की इंटेलवर चालणारं शेवटचं मॅकओएस टाहो. तेवढ्याच पैशात थोडी भर टाकून एम१ शोधा.

११. स्नॅपड्रॅगनचे विंडोज लॅपटॉप आलेत, बॅटरी दिवसभर जाते म्हणे. घेऊ?

बॅटरी खरंच जाते. पण अँड्रॉइड स्टुडिओच्या सिस्टीम रिक्वायरमेंटमध्ये विंडोजसाठी एआरएम प्रोसेसर (स्नॅपड्रॅगन त्यातलाच) चालत नाही असं लिहिलेलं आहे, आणि आपण सगळे त्याच दुकानातले गिऱ्हाईक. गंमत अशी की फोनमध्ये स्नॅपड्रॅगन, अ‍ॅप त्यावर धावणार, आणि ते बनवायला स्नॅपड्रॅगनचा लॅपटॉप नको. व्हीएस कोड (कोड लिहायचा हलका एडिटर), एक्स्पो आणि खरा फोन एवढ्यावरच काम असेल तर निभतं, पण पहिलाच आणि एकच लॅपटॉप घेत असाल तर इंटेल, एएमडी किंवा मॅक. हे पुढे बदलेल, पैसे देण्याआधी ते पान एकदा उघडून बघा.

१२. नव्याचं बजेट नाही. रिफर्बिश्ड घेतला तर फसेन का?

उलट, माझ्या मते ३०-३५ हजारांत नव्या बारक्या लॅपटॉपपेक्षा ऑफिसमधून निघालेला थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक बरा. कंपन्या तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा विकतात, ते दणकट असतात, कीबोर्ड चांगला, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये रॅमचे दोन स्लॉट (थिंकपॅड टी४८० मध्ये दोन आहेत, त्याच्याच पुढच्या टी४९० मध्ये एक सोल्डर आणि एक स्लॉट, म्हणजे नवा तो चांगला असं नसतं).

पिढी मात्र आठवी किंवा पुढचीच. दोन कारणं: सातव्या पिढीच्या आय५-७२००यू मध्ये कोअर दोनच होते, आठव्याच्या ८२५०यू मध्ये चार झाले, आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनच चालतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, तिथे जाऊन हातात घेऊन बघा. काय बघायचं: बॅटरी रिपोर्ट (विंडोजमध्ये पॉवरसीएफजीची बॅटरीरिपोर्ट कमांड मारली की मूळ क्षमता आणि आत्ताची दोन्ही दिसतात), एसएसडीची हेल्थ, बायोसला (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगला) पासवर्ड तर नाही ना (कंपनीचा पासवर्ड राहिला असेल तर प्रश्न १४ मधलं सेटिंग तुम्हाला बदलताच येणार नाही), बिजागऱ्या, सगळ्या यूएसबी. आणि बिल. बिलाशिवाय घेऊ नका, कितीही गोड बोलला तरी.

१३. माझा ४ / ८ जीबीचा जुना लॅपटॉप आहे आणि नवीन घेणं शक्यच नाही. शिकणं सोडून देऊ?

सोडताय कशाला? पहिलं म्हणजे एम्युलेटर विसरा, स्वतःचा फोन वापरा. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, यूएसबी डीबगिंग चालू करा, केबल लावा, झालं. अँड्रॉइड ११ पासून वायफायवरही जमतं. केबल मात्र डेटावाली हवी, निम्म्या लोकांची "फोन दिसत नाही" ही तक्रार नुसत्या चार्जिंगच्या केबलमुळे असते. फोन लॅपटॉपच्या स्क्रीनवर दिसायला हवा असेल तर एससीआरसीपीवाय नावाचं फुकटचं टूल आहे, एकदम हलकं.

८ वाल्यांनी अँड्रॉइड स्टुडिओ आणि फोन, एवढंच, क्रोम बंद, डॉक्युमेंटेशन फोनवर वाचा. ४ वाल्यांनी स्टुडिओचा नाद सोडून व्हीएस कोड घ्या, फ्लटर शिकत असाल तर अँड्रॉइडचं एसडीके (अ‍ॅप बांधायच्या टूल्सचा संच) स्टुडिओशिवाय कमांड लाइनवरून टाकता येतं, किंवा एक्स्पोवर जा, तिथे बिल्डसुद्धा क्लाउडवर होतो. नुसती कोटलिन भाषा शिकायची तर ब्राउझरमध्ये कोटलिन प्लेग्राउंड आहे, तिथे लॅपटॉपचं वयच विचारत नाही कोणी.

आणि लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती काढून साटा एसएसडी टाका. जुन्या मशिनवर याच्याएवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

१४. लॅपटॉप १६ जीबीचा आहे तरी एम्युलेटर सुरूच होत नाही. परत करू का?

थांबा, मशिन बहुतेक ठणठणीत आहे. एम्युलेटरला व्हर्च्युअलायझेशन (एका मशिनच्या आत दुसरं चालवायची प्रोसेसरची सोय) लागतं आणि ते बरेचदा बायोसमध्ये बंद असतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू, तिथे "व्हर्च्युअलायझेशन" पुढे एनेबल्ड आहे का बघा. नसेल तर बायोसमध्ये जाऊन चालू करा, इंटेलवाल्यांना ते इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी किंवा व्हीटी-एक्स नावाने दिसेल, एएमडीवाल्यांना एसव्हीएम मोड. मग विंडोज फीचर्समध्ये "विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म" वर टिक करून रीस्टार्ट. विंडोज होमवरही हे चालतं, प्रो घ्यायची गरज नाही.

जुने व्हिडिओ बघून एचएएक्सएम (याच कामाचं इंटेलचं जुनं सॉफ्टवेअर) शोधत बसू नका, इंटेलने ते २०२३ मध्येच बंद केलं.

१५. सगळं चांगलं आहे तरी बिल्डला वेळ लागतो. चहा करून येतो तरी चालूच.

पहिला बिल्ड सगळ्यांचाच तसा असतो, इंटरनेटवरून लायब्रऱ्या येत असतात. दुसऱ्या-तिसऱ्यालाही तसंच असेल तर विंडोज डिफेंडर बघा, तो ग्रेडलची एक एक फाइल तपासत बसतो. स्टुडिओ स्वतःच खाली नोटिफिकेशन देतो की हे फोल्डर वगळू का, आपण ते न वाचता बंद करतो. वगळा. विंडोज ११ मध्ये डेव्ह ड्राइव्ह नावाचा प्रकार आहे, तो खास याच्यासाठीच केलेला. चार्जर लावून बिल्ड करा, बॅटरीवर बरेच लॅपटॉप प्रोसेसर आवळतात. आणि प्रोजेक्ट वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवला असेल तर आत्ता बाहेर काढा, तो प्रत्येक बिल्डनंतर हजारो फायली वर चढवायला जातो, मी एकीचे दोन दिवस यात गेलेले बघितलेत.

लिनक्स टाकलं तर? जमत असेल तर जरूर, रॅम कमी खातं आणि केव्हीएम या लिनक्समधल्या व्हर्च्युअलायझेशनच्या सोयीमुळे एम्युलेटर मस्त चालतो. पण बँकेचं, कॉलेजचं, एमएस ऑफिसचं काम त्याच लॅपटॉपवर असेल तर दोन्ही ठेवा.

१६. गावाकडे राहतो, मोबाईल डेटावर काम आणि लाइटचा भरवसा नाही. वेगळं काही बघायचं का?

हो, इथे माझा क्रम थोडा बदलतो. बॅटरी वर येते, म्हणून एच ऐवजी यू प्रोसेसर चालेल, आणि यूएसबी-सी चार्जिंगवाला घ्या म्हणजे फोनचा आणि लॅपटॉपचा एकच चार्जर होतो आणि मोठ्या पॉवर बँकेवरही ढकलता येतं. स्टुडिओत पॉवर सेव्ह मोड आहे, लिहिताना तो लावून ठेवा.

डेटाचं म्हणाल तर स्टुडिओचं डाउनलोड १ जीबीच्या वर, सिस्टीम इमेज वेगळी, लायब्रऱ्या वेगळ्या. पहिला सेटअप तालुक्याला एखाद्या मित्राच्या वायफायवर बसून करून घ्या, एक प्रोजेक्ट तिथेच पूर्ण बिल्ड करा, मग ग्रेडलचा ऑफलाइन मोड चालू केला की घरी नेटशिवायही बिल्ड होतो, नवीन लायब्ररी जोडेपर्यंत.

१७. मित्र म्हणतो विंडोजवर मॅकओएस टाकून देतो, हॅकिंटॉश. चालेल ना?

चालतं कधी कधी, टिकत नाही. अ‍ॅपलच्या लायसन्समध्ये मॅकओएस फक्त अ‍ॅपलच्याच मशिनवर टाकायची परवानगी आहे, व्हर्च्युअल मशिनमध्ये टाकायचं तरी खालचं मशिन अ‍ॅपलचंच हवं. ते बाजूला ठेवलं तरी प्रत्येक अपडेटला काहीतरी मोडतं, आणि टाहोनंतर इंटेलचं मॅकओएसच येणार नाही म्हणजे हा रस्ता तिथेच संपतो. गिऱ्हाइकाचं काम त्याच्यावर घेऊ नका.

१८. स्क्रीन, कीबोर्ड वगैरे बघायचं का काही?

स्क्रीन १९२० बाय १०८० च्या खाली नको, अजूनही १३६६ बाय ७६८ वाले विकतात, त्यात कोड आणि प्रिव्ह्यू शेजारी शेजारी मावतच नाहीत. १६:१० वाली मिळाली तर चार ओळी जास्त दिसतात. रंगांचा आकडा "४५% एनटीएससी" असेल तर स्क्रीन फिकट असते, तुम्ही निवडलेला केशरी फोनवर लालसर निघतो, डिझाइन शेवटी फोनवरच तपासा. कीबोर्डवर दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटं टाइप करा, दुसरी परीक्षा नाही.

१९. लॅपटॉप सोडून अजून किती खर्च धरू?

गूगल प्लेचं डेव्हलपर अकाउंट २५ डॉलर, एकदाच. अ‍ॅपलचं ९९ डॉलर, दर वर्षी. अ‍ॅपलचे पैसे न भरता स्वतःच्या आयफोनवर अ‍ॅप टाकून बघता येतं, पण ते सात दिवसांनी उघडायचं बंद होतं, परत टाकावं लागतं. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले अकाउंटला अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी १२ जणांकडून सलग १४ दिवस टेस्टिंग करून घ्यावं लागतं, त्याला पैसे नाहीत पण बारा नातेवाईक लागतात, आणि ते मध्येच सोडून जाणार नाहीत असे.

एक जुना, हळू अँड्रॉइड फोनही जवळ ठेवा, घरात कपाटात पडलेला असतोच. तुमच्या नव्या फोनवर लोण्यासारखं चालणारं अ‍ॅप त्याच्यावर टाकलं की खरं कळतं. आणि जीएसटी नंबर असेल तर लॅपटॉपचं बिल त्या नंबरवर घ्या, १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट मागता येतं, सीएला विचारून घ्या. बिल झाल्यावर दुकानदार नंबर बदलून द्यायला फार कुरकुरतात, म्हणून पैसे देण्याआधी सांगा.